उटेचा बडग्या

कोणालाच, अगदी आईलासुद्धा न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. उटेचा बडग्या मी बनवला होता.

गेल्या महिन्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला, उटे गेली... आणि मला सगळ्यात आधी हेच आठवलं. तिकडे जर्मनीतल्या वर्तमानपत्रांनी म्हणे पानंच्या पानं छापली, माजी मंत्री, स्पष्टवक्ती वगैरे. आमच्यासाठी ती नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी वर्षभर राहिलेली विद्यार्थिनी. आई तिला उषा म्हणायची. "उषा, भाकर गार होऊन राहिली वं!" की उटे ठेच्याकडे संशयानं बघत पाटावर हजर. वाद मात्र कोणाशीही घालायची. भाजीवाल्याशी, बाबांशी. "ही पोरगी इलेक्शन लढते, पाहा," बाबा म्हणायचे. लढलीच. आधी तिच्या गावची नगरसेविका, मग खासदार, मग मंत्री. ती टीव्हीवर दिसली की आई आवाज वाढवायला लावायची. कळायचं काहीच नाही. "रागावून राहिली न? मंग आपलीच उषा."

मंत्री असताना तिच्या खात्यानं परदेशातल्या काही भाषाकेंद्रांचं अनुदान बंद केलं. त्यात नागपूरचंही एक होतं, आणि तिथं मी जर्मन शिकवत होतो. तिनंच आमच्या ओट्यावर मला शिकवलेली जर्मन. तिला एक फोन करता आला असता, पण ताठा आडवा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत, ज्याच्यावर राग त्याचा पुतळा, म्हणजे बडग्या, काढायची आमच्याकडे मुभाच असते. आमच्या मंडळाला विषय हवा होता, मी दिला. बांबू, रद्दी कागद, सुतळीचे केस. चेहरा काही केल्या जमेना. तेव्हा कपाटातून तिचा जुना गोल चष्मा आणला. नवा केल्यावर ती तो आमच्याकडेच ठेवून गेली होती. मोडक्या काडीला बाबांनी तांब्याची तार गुंडाळलेली. चष्मा चढवला आणि साक्षात उटे उभी राहिली. जाळायच्या आधी गर्दीत घुसून मी तो काढून घेतला.

फोटो पेपरात आला, कोणीतरी तिला पाठवला. मी धास्तावून होतो. ती काहीच बोलली नाही.

मंत्रिपद गेल्यावर आईला भेटायला आली, ती शेवटची भेट. आल्या आल्या म्हणाली, "आई, आमच्याकडं कार्निव्हलात मोठ्या नेत्यांचे पुतळे निघतेत. माहा एकदाही नाही निघाला! नागपूरनं काढला. मी ऑफिसात फ्रेम करून लावला."

"तुले जाळलं अन् तू हासून राहिली?"

"मंत्री होती न मी!" मग माझ्याकडे वळली. "विनू, कोणी बनवला गा? मले भेटायचं आहे त्याले."

"मंडळाची पोरं असतील..."

"हो का?" बशीतला चहा फुंकत ती म्हणाली, "चष्मा झकास होता."

तिला माहीत होतं. बोलायला तिनं मला जागा करून दिली आणि मी बिस्किटांची बशी पुढे केली. त्यानंतर दुपारभर तिघं हसत होतो. इतकी बरी दुपार आमच्या घरात पुन्हा झाली नाही.

चष्मा अजून त्याच कपाटात आहे. दिवाळीच्या साफसफाईत आई तो पदरानं पुसून परत ठेवते. रविवारची पुरवणी तिला मीच वाचून दाखवतो, हे तिथं छापून आलं की हेही वाचून दाखवीन.

उटेच्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्यायचं राहून गेलं.