तेल सुटेना

सोमवारच्या मीटिंगला स्क्रीनवर एका जळक्या कढईचा फोटो होता. कढईत वांगी होती. म्हणजे तसं फोटोखाली लिहिलं होतं म्हणून कळलं. तळाला काळी खरपुडी धरलेली. आमचे प्लांट हेड राजवाडे सर यांनी पुढचा फोटो लावला. भांडं वेगळं, खरपुडी तीच. मग आणखी एक.

"ही आपली ग्रेव्ही," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी फूड टेक्नॉलॉजिस्ट आहे. पाहुणे विचारतात तेव्हा मी सांगते की मी स्वयंपाकच करते, फक्त तो गावभर पुरला पाहिजे आणि कित्येक महिने टिकला पाहिजे. आमची कंपनी महाळुंग्यात आहे. एका बाजूला गाड्यांच्या वायरी बनतात, दुसऱ्या बाजूला पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपची धडधड, आणि मधे आम्ही कांदा परततो. संध्याकाळी शिफ्ट सुटली की बसची वाट बघणारी शेजारची पोरं आमच्या गेटसमोर येऊन उभी राहतात. बस तिथे थांबत नाही, वास थांबतो.

आधी आम्ही दुसऱ्यांसाठी सॉस भरून द्यायचो. लाल ग्रेव्ही हे आमचं स्वतःचं पहिलं प्रॉडक्ट, आणि ते माझं होतं. घरात आपण ज्याला वाटण म्हणतो, तेच. परतलेला कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, मसाला, तेल, सगळं शिजवून पाऊचमध्ये भरलेलं. पाऊच फोडा, कढईत ओता, शिजवलेली भाजी आणि पाणी घाला, चार मिनिटं उकळा, जेवायला बसा. पाकिटावर हेच लिहिलं होतं.

आणि लोक कढया जाळत होते.

सरांनी सरळ सांगितलं. हे असंच चालू राहिलं तर डीलर पुढचा माल उचलणार नाहीत. मग ग्रेव्हीची लाइन बंद करून परत सॉस. सॉसला कांदा लागत नाही. कांद्याच्या सेक्शनला निघोजे-महाळुंग्याच्या बायका होत्या. त्यांना काय सांगायचं, हे सरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लॅबमध्ये आम्ही त्याच बॅचचे पाऊच काढून शिजवले. एकदाही लागलं नाही. माझ्या हाताखालच्या मुलींनी घड्याळ लावून, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे केलं. रंग छान, चव छान, कढई स्वच्छ. आमचे क्वालिटी हेड लोखंडे साहेब म्हणाले, माल पास आहे, लोकांचीच कढई पातळ असणार. लोखंडे मूळचे लातूर भागातले, शिस्तीचे, हातात कायम पेन. त्यांच्या म्हणण्यात अर्थ होता. मलाही आधी तसंच वाटलं. पातळ बूड, मोठा गॅस.

तरी मी दोन घरांत जाऊन यायचं ठरवलं. तक्रार करणाऱ्यांना फोन केले, सोबत पाऊच घेतले.

पहिलं घर निघोज्यात, मनीषाताईंचं. नवरा प्रेस शॉपला, त्या स्वतः एका पॅकिंग कंपनीत. दोघांच्या शिफ्ट उलट्या. एक घरात येतो तेव्हा दुसरा चप्पल घालत असतो. पाकीट कशासाठी आणलं होतं, ते दारातच कळलं. मी कंपनीतून आले म्हटल्यावर त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "माझंच चुकलं असंल मॅडम. मला काय की नीट परतायला जमलं न्हाई."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण पाकीट आमचं, कढई त्यांची, आणि माफी मागत होत्या त्याच.

त्यांनी माझ्यासमोर बटाट्याची भाजी केली. पाऊच कढईत ओतला आणि उलथन्याने परतायला लागल्या. बूड खरंच पातळ होतं, गॅसही मोठा होता. मी गॅस कमी करायला सांगितला. त्यांनी केला. थोड्या वेळाने तळाला धरायला लागलंच. मग त्यांनी पाणी ओतलं, पण तोवर कडवटपणा आला होता. मी ती भाजी पोळीबरोबर खाल्ली. त्यांनी पोळीला तूप जरा जास्तच लावलं होतं, का ते मला कळलं. मी परत येऊन पातळ बूड, मोठा गॅस असा निष्कर्ष सांगितला. लोखंडे साहेबांनी मान हलवली.

दुसरं घर पिंपरीत. प्रज्ञा फिजिओथेरपिस्ट आहे. वडील कंपनीतून रिटायर झालेले, ते घरी आणि ती दिवसभर क्लिनिकमध्ये. तिच्याकडे लोखंडी कढई, चांगली जाड. गॅस तिने पहिल्यापासून बारीक ठेवला. पाऊच ओतला आणि ती परतत राहिली. तिचे वडील बाहेरच्या खोलीतून दोनदा विचारून गेले की झालं का. ती म्हणाली, होतंय. मी घड्याळाकडे बघत होते. पाकिटावरची चार मिनिटं कधीच संपली होती. पाण्याचा तांब्या ओट्यावर भरून ठेवलेला, पण ती त्याला हात लावत नव्हती.

मी विचारलं, पाकिटावरचं वाचलं होतं का?

"वाचलं की."

"मग पाणी का नाही घालत?"

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी तिला ओला टॉवेल घडी करून कपाटात ठेवायला सांगितलं होतं. "अजून तेल कुठे सुटलंय?"

मी खुर्चीवर बसले.

जे स्वयंपाक करत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. घरचा मसाला परतताना आधी तो सगळा ओला गोळा असतो. पाणी आटत जातं, कांदा शिजतो, आणि एका क्षणी कडेने तेल मोकळं होऊन चकाकायला लागतं. याला तेल सुटणं म्हणतात. म्हणजे मसाला झाला, कच्चेपणा गेला, आता पाणी घाला. घड्याळ कुणी बघत नाही. माझी आई बघत नव्हती, मी बघत नाही. रोज संध्याकाळी मी स्वतः माझ्या कढईच्या कडेला तेलाची वाट बघत उभी असते.

आणि दिवसा कंपनीत मी असा माल बनवला होता ज्यातून तेल सुटूच नये.

कारण आमच्याकडे तेल सुटणं हा दोष आहे. पाऊचमध्ये तेल वर आणि मसाला खाली असं झालं, की बॅच रिजेक्ट. म्हणून आम्ही त्यात थोडं स्टार्च घालतो, मक्याच्या पिठासारखं. ते तेल आणि पाणी धरून ठेवतं. जितकं घट्ट धरेल तितका क्वालिटीचा शेरा चांगला. आमचा शेरा उत्तम होता. घरोघरी लोक तेल सुटायची वाट बघत होते, तेल सुटत नव्हतं, म्हणून परतत होते, आणि स्टार्च फुगून तळाला चिकटत होतं. पातळ कढईत लवकर, जाड कढईत उशिरा, एवढाच फरक.

मी प्रज्ञाला म्हटलं, घाल पाणी, मसाला शिजलेलाच आहे. तिने घातलं, पण मनापासून नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. सर हसले आणि म्हणाले, सोपं आहे, पाकिटावर मोठ्या अक्षरात छापू, 'तेल सुटण्याची वाट पाहू नये'. मी म्हटलं, ज्यांनी वाचलं त्यांनीही वाट बघितली. हाताची सवय आहे, ती पाकीट वाचून जात नाही. आपल्याला स्टार्च कमी करावं लागेल.

लोखंडे साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. ते शांतपणे म्हणाले की स्टार्च कमी केलं तर पाऊचमध्ये तेल वेगळं होईल, आणि ते असा माल गेटच्या बाहेर जाऊ देणार नाहीत. आधीच्या नोकरीत त्यांनी तेल वर आलेला अख्खा ट्रक परत येताना बघितला होता. दुकानदाराला पाऊच हाताला वेगळा लागला की तो खराब समजतो. ते हट्टी नव्हते. त्यांना त्यांच्या कामातलं खरं माहीत होतं आणि मला माझ्या कामातलं. सरांना दोघांपैकी एकाचं ऐकायचं होतं, आणि खर्च ज्यात कमी तेच ते ऐकणार हे उघड होतं.

आता लोखंडे साहेबांचा रविवारचा मटण रस्सा आमच्या ऑफिसात प्रसिद्ध होता. वहिनींना त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत, असं ते स्वतःच सांगायचे. मी त्यांना म्हटलं, साहेब, उद्या दुपारी लॅबमध्ये तुमच्या हातची अंडाकरी होऊ द्या. सरांनाही बोलावते. मसाला मी आणते.

त्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ॲप्रन बांधून आले. मी वाडग्यात मसाला काढून ठेवला होता. तो आमच्याच लाइनचा आहे हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. अंडी उकडून तयार होती. त्यांनी मसाला कढईत घातला आणि बाह्या वर करून परतायला घेतलं. परतता परतता ते आम्हाला समजावत होते की लोक घाई करतात, मसाल्याला वेळ द्यावा लागतो. सर खुर्ची ओढून बसले. त्यांना भूक लागलेली होती.

थोडा वेळ गेला. लोखंडे साहेब वाकून कढईच्या कडा बघायला लागले. गॅस कमी केला. परत मोठा केला. बोलणं थांबलं. सरांनी विचारलं, "लोखंडे, पाणी घाला ना राव, अंडी वाट बघतायत."

"थांबा सर. तेल सुटू द्या की."

माझ्या लॅबमधल्या मुलींनी एकदम दुसरीकडे तोंड केलं. मला तेव्हा हसूही येत होतं आणि धास्तीही वाटत होती, कारण साहेब रागावले असते तर लाइन तिथेच संपली असती.

करपल्याचा वास आला. लोखंडे साहेबांनी खाली खरवडून बघितलं आणि वैतागून म्हणाले की हा मसालाच बोगस आहे, कुठून आणला. मी बेसिनखालच्या डब्यातून आमचा रिकामा पाऊच काढला आणि ओट्यावर ठेवला.

लोखंडे साहेब पाऊचकडे बघत राहिले, मग कढईकडे. मग त्यांनी गॅस बंद केला, ॲप्रनला हात पुसले आणि खुर्चीत बसून हसायला लागले. इतके हसले की सरांनी त्यांना पाणी दिलं.

"सुटलं की बॅच मीच रिजेक्ट करायचो, ते हेच तेल होय," ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही एकत्र कामाला लागलो. पहिल्या ट्रायलला मी स्टार्च फार कमी केलं. पाऊचमध्ये तेल तर वेगळं झालंच, खाली पाणीही सुटलं. लोखंडे साहेबांनी तो पाऊच माझ्या टेबलावर आणून ठेवला. पुढच्या ट्रायलला तेल पाऊचमध्ये नीट राहिलं आणि कढईतही तसंच राहिलं. मग कांदा जाडसर ठेवून बघितला, तेल कधी घालायचं ते बदललं, कांद्याच्या सेक्शनच्या सुपरवायझरने वैतागून माझ्याकडे बघणं सोडून दिलं. आम्ही सगळ्यांनी इतकी अंडाकरी खाल्ली की कँटीनवाल्याने आमची चौकशी केली. शेवटी जमलं. गार असताना एकजीव, आणि कढईत तापलं की लगेच कडेने तेलाची चकाकी. पाऊच हातात दाबला तर जरासं तेल जाणवायचं. तेवढं चालेल, असं लोखंडे साहेबांनी डीलरला स्वतः जाऊन पटवलं. मला ते जमलं नसतं.

क्वालिटीचा नवा नियमही त्यांनीच लिहिला. आता प्रत्येक बॅचचा एक पाऊच लॅबमध्ये कढईत जातो. वाजवी वेळात तेल सुटलं नाही तर बॅच रिजेक्ट. मी वाचून त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, सही करा.

जळक्या कढयांचे फोटो बंद झाले. लाइन चालू आहे, कांदा रोज येतो.

नवा माल निघाल्यावर मी मनीषाताईंकडे पाऊच घेऊन गेले. त्यांनी पुन्हा बटाट्याचीच भाजी केली. कडेने तेल चमकलं तसा त्यांचा हात आपोआप तांब्याकडे गेला. मी न राहवून विचारलं, घरच्यासारखी लागते का?

त्यांनी चव घेतली, विचार केला. "घरच्यावानी न्हाई," त्या म्हणाल्या. "पण ही झटक्यात करून ठिवून मी येळेवर कामावर जाऊ शकते."

पाहुणे आले की त्या अजूनही स्वतःच वाटण करतात, खोबरं भाजून. मला त्यात काही वाईट वाटत नाही. मीही तेच करते.

आता कुठलंही नवीन प्रॉडक्ट घेऊन घरोघरी जाते तेव्हा चव आवडली का हे मी शेवटी विचारते. आधी विचारते, झालं हे तुम्हाला कशावरून कळतं. पाकिटावर काय छापायचं ते त्यानंतर ठरतं.