दाटीतले तारे

उकव्याच्या खाणीच्या चाळीत आमची खोली मधोमध होती, म्हणून शेजारणी खापर घेऊन विस्तव मागायला आमच्याच चुलीशी येत. माझी पहिली मुलगी पाळण्यातच तापानं गेली. बाळंतिणीच्या घरातून विस्तव दिला म्हणून गेली, असं सासू म्हणे. मी ऐकून सोडून देई.

दुसऱ्यांदा दिवस गेले होते तेव्हा बालाघाटला मास्तर असलेला दीर आला. अंगणात बसून आकाशगंगेकडे बोट दाखवत म्हणाला, "वहिनी, असे ताऱ्याईचे खूब समूह हायेत. जो दाटीत राह्यते, त्याचा तारे घडवणारा वायू आजूबाजूचे समूह ओढून नेतात. मंग त्याच्यात नवे तारे जन्मत नाई, जुने लाल तारेच उरतात."

"अन् जो एकटा राह्यते?"

"त्याच्यात जन्मतच राह्यतात."

सासू फणकारली, "मी म्हणलं तं अडाणी, अन् तू म्हणलं तं मास्तर!"

त्या बाळंतपणात मी कुणाला निखारा दिला नाही. मुलगा जगला. विस्तवामुळे जगला असं मी आजही मानत नाही.

पण पहाटे दाराशी खापर वाजल्यासारखं होतं. त्या शेजारणी तर केव्हाच चाळ सोडून गेल्या. पाळण्यात गेलेली ती मुलगीच विस्तव मागते आहे असं वाटतं, आणि मी दार उघडत नाही.