शेवटची तिरफळं

आईला वास येईनासा झालाय, हे घरात कुणी उघड बोलत नव्हतं. तापातून उठल्यापासून दूध करपलं तरी ती पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत बसायची. खांदेश्वरच्या आमच्या मजल्यावर कुणाकडे काय शिजतंय ते जिन्यातूनच सांगणारी बाई ही! बांगड्याच्या तिखल्यात मात्र ती आता मूठभर तिरफळं टाकू लागली. जेवणाऱ्यांच्या जिभा बधिर.

"ह्यांका वासच नाय गो," ती म्हणाली. "तुझ्या मामान जुनी गळ्यात मारल्यान."

मामाने ती गावाहून पाठवली होती, परसातल्या झाडाची. रस्ता रुंद करताना ते झाड तोडलं, त्यामुळे ही शेवटचीच. तरी आई मामाशी बोलेना. तळोज्याच्या एका लॅबमध्ये मी मसाल्यांची तेलं तपासते, म्हणून मला हुकूम सुटला, "तुझ्या लॅबात तपासून आण."

साहेबांना विचारून थोडी नेली. आधी काळ्या बिया काढल्या. आमच्याकडे नुसती सालंच वापरतात. ती काचेच्या चंबूत पाण्याबरोबर उकळत ठेवली. वाफ थंड होऊन नळीत उतरू लागली, तशी मी चक्क देवाला विनवत होते की तेल निघू नये. तिरफळं जुनी निघाली तर आईचं नाक शाबूत. इतकी वेडी आशा मी कधी केली नसेल.

पाण्यावर पिवळसर तेल तरंगू लागलं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "काय मस्त वास सुटलाय गं!" मग यंत्राने तेलातले घटक वेगळे करून दाखवले. लिमोनीन, सॅबिनीन, जुन्या मालातून उडून जाणारं सगळं जागच्या जागी होतं. मला रडू आलं.

घरी येऊन त्या तेलाची कुपी आईच्या नाकाशी धरली. तिने खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला.

"ह्या काय, पाणी?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"जुनीच निघाली," मी म्हणाले.

"मी सांगलंय नाय तुका?" कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला. उठून तिने डबा उचलला आणि उरलेली सगळी तिरफळं कचऱ्यात ओतली. घरभर वास पसरला. ती त्यातच उभी राहून मामाला खडसावायला फोन लावत होती.