जुन्या घराचं लाकूड

आमचे बाबा सुतार. सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात त्यांच्याकडे कोणी आलं आणि सहज विचारलं, "भाऊ, हे लाकूड कुठचं जी?" की रंधा न थांबवता बाबा सांगायचे, "जुन्या घराचं होय." पलंगाचं लाकूड जुन्या घराचं, पोळपाट जुन्या घराचा, देवघरही जुन्या घराचं. शेजारच्या मुलीला लग्नात दिलेला दिवाणसुद्धा जुन्या घरातूनच आला होता.

लहानपणी माझी पक्की समजूत होती की कुठेतरी आमचं एक अवाढव्य जुनं घर आहे आणि बाबा तिथून एकेक लाकूड काढून आणतात. शाळेत 'माझे घर' असा निबंध आला तेव्हा मी त्या घराला चाळीस खोल्या दिल्या. गुरुजींनी खाली 'कल्पना छान' असा शेरा मारला, याचा मला फार राग आला. घरी येऊन मी हट्टच धरला की मला जुनं घर दाखवा. आई इतकी हसली की चुलीवरचा भात खाली लागला. बाबा मात्र हसले नाहीत. "पडलं ते," एवढंच म्हणाले आणि पटाशीला धार लावत बसले.

पुढे कळलं की असं घर आमच्या एकट्याचं नव्हतं. आमच्याकडे जंगल परसाच्या मागूनच सुरू होतं, पण तोडलेल्या लाकडाला परवानगीचा कागद लागतो. बाजारात, बसस्टँडवर, लग्नात माणसं एकमेकांना काय वाट्टेल ते विचारतात. पोरीला नोकरी कधी लागली, सुनेशी पटतं का, काहीही. पण लाकूड कुठून आणलं, हे विचारणारा एकतर फॉरेस्टवाला असतो, नाहीतर त्याला जाऊन सांगणारा. पडलेल्या घराच्या लाकडाबद्दल कोणी फार खोलात शिरत नाही, म्हणून अख्खा तालुका जुन्या घरांच्या लाकडावर झोपतो आणि जेवतो. एवढी घरं खरंच पडली असती तर आमच्या भागात भूकंप झाल्याची बातमी आली असती.

मी इंजिनिअर झाले आणि सिंदेवाहीच्या रस्त्यावर एका संस्थेच्या इमारतीवर कामाला लागले. धानाच्या शेतकऱ्यांना चार दिवस राहून शिकता यावं म्हणून बांधलेली वसतिगृहासारखी इमारत. संस्थेच्या अध्यक्षांना त्या इमारतीसाठी हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवं होतं. कागदांची सगळी जबाबदारी माझ्यावर आली. विटा कुठून आल्या, पाणी कुठे मुरतं, भिंत किती तापते, सगळ्याचे गुण असतात. दारांचेही असतात. लाकूड नीट राखलेल्या जंगलातलं आहे का, जवळचं आहे का, चिकटवायला वापरलेल्या गोंदाची वाफ खोलीत साठते का, वरच्या पॉलिशचा वास झोपणाऱ्याच्या नाकात जातो का, हे सगळं बघतात.

चोवीस दारांचं काम बाबांना मिळालं. मी शिफारस केली नव्हती, ठेकेदार स्वतःच त्यांच्याकडे गेला होता. पण मला कोणी विचारलं तर मी हे जरा जास्तच जोरात सांगायचे.

"दरवाजा का शाळेत जाते, मार्क भेटाले?" बाबांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं.

मी त्यांना समजावलं. गोंदाचा डबा बदलायला लावला. त्यांनी नव्या डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "ह्याले त वासच नाई. चिकटन कसा?" दोन फळकुटं जोडून रात्रभर ठेवली, सकाळी त्यांच्यावर उभे राहिले, तेव्हा कुठे पटलं. पॉलिशऐवजी जवसाचं तेल चालेल म्हटल्यावर मात्र स्वारी एकदम खूश झाली. जवस आमच्याच बांधाआडचं. "तुह्या सर्टिफिकेटवाल्यायले आता सुचलं," ते म्हणाले. "तुह्या आज्याले काऊन नाई विचारलं?"

आणि लाकूड? लाकूड वनखात्याच्या सरकारी डेपोतल्या लिलावाचं. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याचा शिक्का, आकडा, वाहतुकीचा परवाना, सगळं जिथल्या तिथे. डेपोपासून इमारत इतकी जवळ की ट्रक सकाळी निघून दुपारच्या जेवणाआधी रिकामा होऊन परत. बाबांनी आयुष्यात एवढं कागदवालं सागवान एकदम पाहिलं नव्हतं. दोन दिवस ते आल्यागेल्याला शिक्के दाखवत होते. त्यामुळे त्या दारांबद्दल मला कसलीच काळजी नव्हती. माझा जीव टांगणीला होता तो पाण्याच्या टाकीच्या कागदांपायी.

तपासणीला पुण्याहून एक मॅडम आल्या. तरुण, हसऱ्या, हातात टॅबलेट. दारं त्यांना फार आवडली. एक दार त्यांनी नुसतंच चारदा उघडलं आणि लावलं. मग टॅबलेट बाबांसमोर धरून, चित्रीकरण सुरू करून, अगदी प्रेमानं विचारलं, "काका, लाकूड कुठून आणलंत?"

बाबा ताठ उभे राहिले. माझ्या हातात डेपोचे कागद होते. फाइल मी उघडतच होते.

"जुन्या घराचं होय," बाबा म्हणाले.

मॅडमचा चेहरा उजळला. जुनं लाकूड पुन्हा वापरलं तर वेगळे गुण मिळतात, आणि त्यांच्या आजवरच्या तपासण्यांत ते कोणाला मिळालेच नव्हते, असं त्या सांगू लागल्या. ठेकेदाराच्या सुपरवायझरचे दात दिसू लागले. आणि मी, जिच्या फाइलीत चोवीस दारांचा खरा जन्म होता, ती गप्प राहिले. दहा लोकांत माझ्या तोंडून बाबा खोटे ठरावेत, हे मला झेपलं नाही. दुपारी मॅडमना एकटीनं गाठून सांगू, असं मनाशी म्हटलं. दुपारी मॅडम टाकीवर चढल्या होत्या.

निघताना त्यांनी सांगितलं, "सोमवारी परत येते. त्या जुन्या घराचा एक फोटो आणि मालकाचं पत्र तेवढं तयार ठेवा." मग जरा थांबून म्हणाल्या, "लाकडाचा उगम लागला नाही, तर मात्र ही दारं असेपर्यंत प्रमाणपत्र देता येणार नाही." अध्यक्षांनी लगेच जाहीर केलं की तसं झालं तर दारं उतरवायची आणि कारखान्यातली बसवायची. बाबा तेव्हा शेवटच्या दाराला कडी लावत होते. त्यांचा हात थांबला.

संध्याकाळी मी घरी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला राग लवकर येतो, आणि तो बाबांकडूनच आला आहे असं आई म्हणते.

"तोंडातून निंगून गेलं," बाबा म्हणाले.

"कागद असून? शिक्के असून?"

"तिनं विचारलं, म्या सांगतलं. सवय आहे ना."

सुपरवायझरचा फोन आला. त्याच्याकडे तोडगा तयार होता. वडसा रोडला कोणाचं तरी घर पडलेलं आहे, मालक सही देतो म्हणतो, फोटो काढू, विषय संपला. शिवाय गुण जास्त. आणि बाबा चक्क मान हलवू लागले. आयुष्यभर जुन्या घराचं सांगत आलेल्या माणसाला शेवटी एक जुनं घर सापडलं होतं.

मी म्हटलं, मी त्या पत्रावर शिक्का मारणार नाही. बाबांनी मॅडमला खरं सांगायचं.

"लबाड बोललो म्हनून सांगू? तिच्यापुढं? सगळ्यायपुढं?"

"हो."

"त्यापेक्षा काढू दे दरवाजे," बाबा म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले.

आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "त्यायले नको बोलू. तुह्या पाळन्याचं झालं तवापासून तसंच सांगते ते."

माझा पाळणा? मी तर साडीच्या झोळीत वाढले, हे आमच्याकडे नेहमी हसत सांगितलं जायचं.

आईनं सांगितलं. मी होणार होते तेव्हा बाबांनी आमच्याच शेताच्या बांधावरचं, आजोबांनी लावलेलं एक सागाचं झाड तोडलं. आपल्या बांधावरचं सागवान तोडायलाही परवानगी लागते. बाबांना ते ठाऊक होतं, पण मी वेळेआधी येते आहे असं सुईण म्हणाली आणि त्यांना धीर निघाला नाही. आठ दिवस खपून पाळणा केला, कडांवर पोपट कोरले. तो रंगवून अंगणात वाळत ठेवला होता तेव्हा फॉरेस्टचा गार्ड आला. त्यानं विचारलं, लाकूड कुठचं? बाबांनी सरळ सांगितलं, माझ्या बांधाचं. गार्डनं नियमानं करायचं ते केलं. पाळणा जप्तीत गेला.

"लबाड बोलले असते त राह्यला असता," आई म्हणाली. "तवापासून..." आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

मला इतकी वर्षं त्या जुन्या घराची गंमत वाटत आली होती. आता मला बाबांची लाज वाटत नव्हती, स्वतःची वाटत होती. बाहेर गेले. बाबांशेजारी बसले. म्हटलं, "पोपट होते म्हने."

"दोन," बाबा म्हणाले. "एकाची चोच जरा बिघडली होती."

सोमवारी जायचं की नाही, यावर आम्ही एक शब्द बोललो नाही. सकाळी ते धुतलेला सदरा घालून सायकलजवळ उभे होते. मला म्हणाले, "फाइल घेतली का?" मी घेतली होती.

मॅडम आल्या. अध्यक्ष होते, सुपरवायझर होता, आणि तो मला डोळ्यांनी खुणावत होता की पत्र खिशात आहे. बाबा पुढे झाले. दोन्ही हात मागे बांधलेले, शाळेत उभं केल्यासारखे.

"मॅडम, जुनं घर-बिर काई नाई जी. मी लबाड बोललो. लाकूड डेपोचं होय. ह्या पोरीजवळ कागद आहेत."

मी फाइल दिली. मॅडम एकेक कागद पाहू लागल्या. पाहायला त्यांना बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ बाबा तसेच उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. शेवटी मॅडमनी टॅबलेटवरचं काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. जुन्या लाकडाचे गुण गेले. जवळच्या लाकडाचे, राखलेल्या जंगलाचे, बिनवासाच्या गोंदाचे आणि जवसाच्या तेलाचे मिळाले. प्रमाणपत्र एक पायरी खाली येणार होतं. अध्यक्षांचं तोंड उतरलं.

"दारं राहतील," मॅडम म्हणाल्या.

बाबांनी हात सोडले. जवळच्या दारावरून एकदा तळवा फिरवला.

मॅडम ते बघत होत्या. त्या टॅबलेट खाली ठेवून म्हणाल्या, "काका, सगळे कागद असताना मग असं का सांगितलंत?"

"मॅडम," बाबा म्हणाले, "हा सवाल आजपावतर मले कोनी चांगल्यासाठी विचारलाच नाई."

मॅडमनी खुर्ची ओढली आणि बाबांना समोर बसवलं. "आता मी परत विचारते," त्या म्हणाल्या. "लाकूड कुठून आणलं?"

आणि बाबा सांगू लागले. कोणता ओंडका कोणत्या दाराला गेला, कशात गाठ निघाली, कोणता चिरताना सरळ होता आणि कोणत्यानं त्यांना दोन दिवस छळलं. मॅडम मध्ये मध्ये घड्याळाकडे बघत होत्या, पण बाबांना आता थांबवणं शक्य नव्हतं. चोवीस दारं होती. मॅडमची नागपूरची गाडी चुकली.