पाय खाली ठेवून म्हण

एकसष्ट सालच्या नाताळाआधीच्या शेवटच्या रविवारी, सकाळची उपासना सुटल्यावर, महाडच्या आमच्या प्रार्थनागृहात एका सात वर्षांच्या मुलीवर अन्याय झाला. मुलगी पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतली. तिची आई आमच्याकडे झाडलोट करते आणि दर रविवारी पहिल्या एसटीने लेकीला घेऊन येते. अख्खी मंडळी बाकांवर बसून होती. मीही होते.

वाडीतली शाळा दुसरीला संपते. पुढे शिकायचं तर मिशनच्या वसतिगृहात जागा हवी, आणि त्या अर्जावर मंडळीच्या वडिलांचा शेरा लागतो. वडील म्हणजे मंडळीने निवडलेले जाणते गृहस्थ. आमचे हे वडील निवृत्त हेडमास्तर. बायबलमधली बारा वचनं तोंडपाठ म्हटली की शेरा मिळतो. यंदा जागा दोन होत्या.

शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, लहानांकडून वचनं पाठ करून घेणं माझ्याकडे आहे. मी स्वतः ती पट्टीचा मार खात पाठ केली. आज पट्टी आठवते, वचन एकही धड आठवत नाही. म्हणून मी अंगणात कोळशाने ठिकरीचे आठ चौकोन आखले. वचनाचे आठ तुकडे करायचे, ठिकरी टाकायची आणि लंगडी घालत एकेका चौकोनात एकेक तुकडा म्हणायचा. रेघेवर पाय पडला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या घरात दोन्ही पाय टेकवून अध्याय आणि वचनाचा आकडा सांगायचा. मुलं हमखास विसरतात तो हा आकडाच. माझी विसरेनात. पावसात अंगण गेलं तेव्हा ओट्यावर सागरगोटे घेऊन बसलो. गोटा वर गेला की एक शब्द, झेलला की पुढचा. काही बायकांनी नाकं मुरडली. मुरडू देत.

ही पोरगी सगळ्यांत तरबेज. एकदा मला म्हणाली, "बाई, आजचं वचन लांब हाय, दोन चौकोन वाढवा." वाढवले.

त्या रविवारी परीक्षेला आधी वडिलांचा नातू उभा राहिला. पाढे म्हणावेत तसा डुलत, नाकातून सूर काढत त्याने बारा वचनं म्हटली. आजोबांनी मान डोलावली. मग ही. हात जोड, पाय जुळव, असं त्यांनी बजावलं. तिने सुरुवात केली आणि तिसऱ्या तुकड्यावर तिचा उजवा पाय आपोआप उचलला गेला.

"पाय खाली," वडील म्हणाले. तिने ठेवला, आणि गप्प झाली. पुन्हा सुरुवात, पुन्हा पाय वर. या खेपेस त्यांनी काठीचं टोक तिच्या पावलाला लावलं.

ती म्हणाली, "पाय खाली ठेवला की पुढचं येत नाय."

बाकांवर हशा पिकला. संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं वाटताना मी पोलिसांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. त्यांचं एवढं लागलं नव्हतं. वडिलांनी अर्जावर लिहिलं, 'पाठ नाही.'

मी तिला अंगणात नेलं. कोळसा जेमतेम शिल्लक होता. तिने बारा वचनं, एकामागून एक, एकदाही रेघेला न शिवता म्हटली, आकड्यांसकट. आई केरसुणी धरून बघत राहिली. मी वडिलांना हाताला धरून दारापर्यंत आणलं होतं. त्यांनी शेवटची चार ऐकली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "येतंय तिला. शिस्त नाही. आता लिहिलं ते लिहिलं."

येतंय, हे त्यांच्याच तोंडचं. तरी कागदावर 'पाठ नाही.' डुललेलं चालतं, लंगडी चालत नाही, हा नियम कुठे लिहिलाय ते मी विचारलं. ते काठी टेकत आत गेले. आईने मात्र मलाच समजावलं, "जाऊ द्या बाई, सायबांशी कशाला तंडताय? ती येईल माझ्यासंगं झाडायला." लेक तिथेच उभी होती. तिने ते ऐकलं आणि ठिकरी उचलून परकराच्या ओच्यात ठेवली.

चूक माझीही आहे. वर्षभरात मी तिला एकदाही स्थिर उभं करून वचन म्हणायला लावलं नाही. पण माझ्या चुकीपायी तिच्या हातात केरसुणी का द्यायची?

दुसरी जागा अजून रिकामी आहे. अर्ज वडिलांच्या कपाटात आहे, जूनपर्यंत तो बदलता येतो. मंडळी, तुमच्यातले निम्मे त्या दिवशी हसलात, उरलेले गप्प बसलात. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर घरी पळू नका. अंगणात या. चौकोन मी आखते. तिचं ऐका, आणि 'पाठ नाही' यातला 'नाही' वडिलांनी आपल्या हाताने खोडल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकू नका.