पूर्णेवरचा वाकडा तराफा

मी सॅपर होतो. सॅपर म्हणजे फौजेतला पूल बांधणारा, रस्ता उघडणारा, सुरुंग काढणारा शिपाई. पासष्टच्या लढाईच्या आधीच्या एका पावसाळ्यात आमच्या कंपनीला हुकूम आला की वऱ्हाडात पूर आहे, निघा. सकाळी सहा वाजता आम्ही अकोल्याच्या स्टेशनावर उतरलो. मी हवालदार, हाताखाली अकरा जवान.

मूळचा मी अमरावतीचा. वडील मिशनच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. रेघ जरा हलली की कागद फाडून नवा द्यायचे. तो गुण माझ्यात उतरला आणि फौजेत फोफावला. माझ्या सेक्शनची किट आरशासारखी असे. पण एका सरावात मी तीन वेळा दोर सोडून पुन्हा बांधायला लावले आणि आमचा पूल सगळ्यांत शेवटी उभा राहिला. त्या दिवशी सुभेदारसाहेब म्हणाले, "हवालदार, दुश्मन गाठी बघायला थांबत नाही."

मी 'जी साहेब' म्हणालो आणि सुधारलो नाही.

प्रार्थनेतही तेच. आम्ही ख्रिस्ती घरातले, रोज प्रार्थना असे. बोलताना मन भटकलं की मी पहिल्या शब्दापासून सुरू करायचो. कधी चार-चार वेळा. देव म्हणजे मला इन्स्पेक्शनला आलेला अफसर वाटायचा. त्याच्यापुढे बटण तुटलेलं घेऊन कसं उभं राहायचं?

अकोल्याहून अकोटच्या रस्त्यानं आम्ही पूर्णा नदीच्या काठी पोचलो तेव्हा सात वीस झाले होते. पलीकडचं गाव पाण्याखाली होतं. गावची जुनी मातीची गढी तेवढी वर होती आणि तिच्यावर एकेचाळीस माणसं. आमच्या दोन बोटींपैकी एक कॅप्टनसाहेबांनी खालच्या गावाकडे नेली होती. दुसरी ट्रकमध्येच खिळ्यानं फाटली. राहिला तराफा.

नियमानं तराफ्याला एका मापाचे सहा ड्रम लागतात. जवळच्या एका कापसाच्या जिनिंगमधून तेलाचे चार मिळाले. दोन चेपलेले, एक बुटका. वर टाकायला फळ्या नव्हत्या. काठावरच्या लोकांनी दोन बाजा, म्हणजे खाटा, दिल्या. आम्ही बांधलं, पाण्यात ढकललं, तराफा डावीकडे कलला. मी सोडायला लावलं. पुन्हा बांधलं, पुन्हा कलला. पुन्हा सोडलं.

नऊ दहाला गढीचा एक कोपरा पाण्यात ढासळला. पलीकडून बायकांचा आरडाओरडा ऐकू आला.

वायरलेस खरखरला. कॅप्टनसाहेब होते.

"तराफा तयार आहे? ओव्हर."

"नाही साहेब. बरोबर बसत नाही. ओव्हर."

"मला इथून निघता येत नाही. निर्णय तुझा. आउट."

माझ्या हातात दोराचं टोक होतं. शेजारी सॅपर नामदेव गवई उभा होता. बार्शीटाकळीचा, छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरातला. बोलायला फटकळ.

"हवालदारसाब," तो म्हणाला, "हे सरळ होयेस्तोवर तिकडं कोनी राह्यते का?"

मी चिखलात गुडघा टेकला, चेपलेल्या ड्रमावर हात ठेवला. म्हणालो, "प्रभू, मला कळत नाही. बुद्धी दे." एवढंच. जीभ अडखळली होती, शब्द नीट निघाले नव्हते. मी तसाच उठलो.

कुठला आवाज आला नाही. एक गोष्ट मात्र लख्ख दिसली. दोन तास मी एकाही माणसाला काही विचारलं नव्हतं.

"गवई, तू या मुलखातला. तुले काय वाटते?"

तो जणू वाटच बघत होता. "सरळ जाऊ नका. वरतून, त्या बाभळीपासून सोडा. धारच गढीकडं नेते. मी दोर घेऊन पोहत जातो, तिथल्या निंबाले बांधतो. अन् कलते तं कलू द्या. जड मानूस उजवीकडं बसवा."

"बांधा," मी म्हणालो. "आता सोडायचं नाही."

कमरेला दोर बांधून गवई पाण्यात उतरला. दोनदा दिसेनासा झाला. नऊ पन्नासला त्यानं निंबावरून हात हलवला. पाच मिनिटांत तराफा निघाला. कललेला, करकरणारा, पण तरंगत होता.

पहिल्या खेपेत चार म्हाताऱ्या. एकीनं बसण्याआधी तराफा नीट न्याहाळला.

"काऊन रे बापा, ही बाज हाये का नाव?"

"दोन्ही हाये, आजी. उजवीकडं सरका."

अकरा खेपा झाल्या. एका खेपेत गाठ सैल झाली, पाण्यातच आवळली. एक वाजून पंचवीस मिनिटांनी शेवटची माणसं काठाला लागली. एकेचाळीस माणसं आणि एक शेळी. दोनच्या सुमाराला निंबासकट गढीची भिंत नदीत गेली. काठावर असा जल्लोष उठला की वायरलेसवर काय चाललंय ते ऐकू येईना.

तीन वाजता कॅप्टनसाहेब आले. तराफ्याभोवती फिरले.

"हे कुणी बनवलं?"

"मी, साहेब."

"वाकडं आहे."

"हो साहेब. वाकडं आहे."

आणि मला हसू फुटलं. कॅप्टनसाहेबही हसले, मग अख्खा सेक्शन. गावकऱ्यांनी कुठूनशी ज्वारीची भाकर आणि ठेचा आणला. काठावर बसून खाताना मी गवईला प्रार्थनेचं सांगितलं.

"म्हंजे तुमच्या देवानं तुमाले माह्याकडं धाडलं?"

"तसंच म्हण."

"मंग भल्ला हुशार हाये तुमचा देव."

त्या रविवारी एक दिवसाची रजा घेऊन मी अमरावतीच्या देवळात गेलो. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. बुटांवर पूर्णेचा चिखल तसाच होता. उपासनेत मन दोनदा नदीवर गेलं. जाऊ दिलं. इतक्या मोकळ्या मनानं मी आधी कधी गायलो नव्हतो.

पासष्टच्या लढाईपर्यंत गवई लान्स नाईक झाला होता. रणगाड्यांसाठी सुरुंगातून वाट काढताना तो पडला. लढाई थांबल्यावर मी बार्शीटाकळीला गेलो. त्याचे वडील अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी सरकून मला शेजारी बसवलं. मग त्यांनी विचारलं, "साहेब, त्याचं काम पुरं झालं होतं का?"

"वाट मोकळी झाली होती, बाबा. एकूणएक रणगाडा पार गेला."

ते उभे राहिले. पाठ ताठ केली. आत वळून बायकोला म्हणाले, "ऐकलं का? सारे पार गेले."