अण्णांची संध्याकाळ

लेकीला माती देऊन आले त्या दिवशी मी देवाशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, सरळ अबोला. रेबेका माझी एकुलती एक. ताप डोक्यात गेला आणि बघता बघता सगळं संपलं. चर्चमधली माणसं चांगली, डबे घेऊन आली, माझ्याजवळ बसली. पण एकीने माझा हात धरून सांगितलं, देवाला ती फार आवडली म्हणून नेली. मी म्हटलं, मग मला काय कमी आवडत होती? त्यानंतर कोणी समजूत घालायला आलं की मी भांडी घासायला उठायचे.

बुवापाड्यातल्या आमच्या खोलीत रोज दिवेलागणीला प्रार्थना असायची. नवरा गेल्यापासून आम्ही दोघी मायलेकीच. मी गीत सुरू करायचे, रेबेका वरच्या पट्टीत गायची, मग शास्त्रवाचन, मग जेवण. आता मी उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या कारखान्यात दिवसभर कपड्यांचे धागे कापायचे, घरी येऊन दार लावायचे आणि पडून राहायचे. बायबल कपाटात टाकलं होतं. नजरेसमोर नकोच म्हटलं.

अशात एकदा शेजारच्या शोभावहिनी दारात आल्या. त्यांचं घर बौद्ध, आमच्यात भिंत एकच. त्यांचे सासरे अण्णा, दोन्ही डोळे गेलेले, खाटेवरच असतात. वहिनी अवघडून सांगायला लागल्या, अण्णा रात्रीचे जेवतच नाहीत. ताट नेलं की म्हणतात, अजून संध्याकाळ कुठे झालीय? त्यांना दिसत नाही ना. तुमचं गाणं सुरू झालं की दिवस मावळला, हेच त्यांचं घड्याळ. सांगून सांगून आम्ही थकलो.

"ताई, तुमच्यावर काय वेळ आलीय ते दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "पण एकदा येऊन म्हणाल का?"

मला रागच आला. माझी पोर गेली आणि यांना जेवणाचं पडलंय! पण म्हातारं माणूस उपाशी आहे म्हटल्यावर घरात बसवेना. गेले, खाटेजवळ बसले आणि मनातल्या मनात देवाला बजावलं, हे तुझ्यासाठी नाही हं, अण्णांसाठी आहे. अबोला तिथेच मोडला, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. दुसऱ्यात रेबेकाचा सूर जिथे वर चढायचा, तिथे माझं गाणं अडलं. तर पुढची ओळ अण्णांनी म्हटली. तोंडात दात नाहीत, सुराचा पत्ता नाही, पण शब्द न् शब्द बरोबर. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून पाठ झालेलं. कडवं संपवून ते म्हणाले, "पोरीचा आवाज लय गोड होता गं. मला रोज आठवतो."

तिला माती दिल्यापासून मी रडले नव्हते. तिथे वहिनींच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. अण्णांनी भात मागितला आणि पोटभर जेवले.

हा चमत्कार होता की काय, मला सांगता येणार नाही. आता रोज संध्याकाळी मी अण्णांना ऐकू जाईल असं गाते. प्रभूचे आभार मानते, त्याने माझ्याकडे माणूस पाठवलं म्हणून. त्याची इच्छा मला अजून कळलेली नाही. माझ्या लेकराला का नेलंस, हे मी रोज विचारते. उत्तर मिळत नाही. पण विचारायला दुसरीकडे कुठे जात नाही, त्याच्याच पायाशी बसते.